सुकती आठ पन्नासची

पहाटे ४:३०

आदल्या रात्री दोनच गोष्टी बघून झोपते, सुकतीची वेळ आणि वाऱ्याची दिशा. आज सुकती ८:५०ला आहे. वारा वायव्येचा, म्हणजे किनाऱ्याकडून पाण्याकडे वाहणारा. मंगळवार-बुधवारी ईशान्येचं वादळ येऊन गेलंय. शार्कचे दात वेचणाऱ्याला याहून चांगला शनिवार पंचांगात सापडत नाही.

आमच्या मालवणात भरती आणि सुकतीच्या पाण्यात माणूसभर फरक पडतो. इथे मेरीलँडमध्ये, चेसापीक उपसागरात, तो जेमतेम हातभर. त्यामुळे इथे चंद्रापेक्षा वाऱ्यावर जास्त भिस्त ठेवायची. ईशान्येचा वारा लाटा आणून कड्याच्या पायथ्यावर आपटतो, माती पाडतो, धुतो. मग दोन दिवसांनी वायव्येचा वारा येतो आणि पाणी मागे लोटून सगळं उघडं करून दाखवतो.

आठवडाभर मी औषधांच्या दुकानात गोळ्या मोजते. ताटलीत ओतायच्या, चपट्या पट्टीने पाच-पाच करून ओढायच्या. शनिवारी दात.

५:१५

थर्मासमध्ये चहा, डब्यात पोळी-भाजीची गुंडाळी, गमबूट, दोन जोड हातमोजे, चाळण. चाळण घरचीच आहे: लाकडी चौकट, तिला पाव इंची भोकांची तारेची जाळी ठोकलेली. त्याहून बारीक जाळी घेतली तर वाळूच उपसत बसावं लागतं, मोठी घेतली तर छोटे दात निसटतात. बाहेर उणे चार. गाडीच्या काचेवरचं गोठलेलं दव खरवडताना दरवेळी मनात येतं, की पन्नाशी उलटलेल्या बाईने या वेळी पांघरुणात असावं.

७:२०

लस्बी गावाजवळच्या कॅल्व्हर्ट क्लिफ्स स्टेट पार्कचं फाटक सूर्योदयाला उघडतं. माझ्या आधी दोन गाड्या उभ्या आहेत. त्यातली एक ओळखीची, टोपीवाल्या आजोबांची. त्यांचं नाव मला ठाऊक आहे, पण मनात ते टोपीवाले आजोबाच.

फाटकापासून किनारा २.९ किलोमीटर, तोही चालत. झाडांवर तांबड्या खुणा केलेल्या आहेत, त्यांच्या मागे जायचं. अर्धी वाट जंगलातून आणि अर्धी दलदलीच्या कडेने जाते. दलदलीत बीव्हरांनी पाणी अडवून ठेवलंय, त्यात मेलेली झाडं उभीच्या उभी. आज पाण्यावर बर्फाची साय आहे. आजोबा पुढे, मी मागे. या वाटेवर आम्ही फारसं बोलत नाही. दोघांनाही पहिलं पोचायचं असतं आणि दोघंही तसं दाखवत नाही.

८:१०

झाडी संपते आणि एकदम पाणी दिसतं. डाव्या हाताला कडा. उपसागराच्या पश्चिम किनाऱ्याने असे कडे चाळीसेक किलोमीटर पसरलेत. १६०८ साली जॉन स्मिथ होडीतून इथून गेला तेव्हा त्याने आपल्या आईच्या माहेरचं नाव या कड्यांना देऊन टाकलं होतं. ते टिकलं नाही.

कडा दगडाचा असेल असं लांबून वाटतं. जवळून बघितलं तर चिकणमाती आणि वाळू, राखाडी-निळसर, मध्ये गंजाच्या रंगाचे पट्टे, आणि शिंपल्यांचे थरच्या थर. हा मायोसीन काळातल्या उथळ, उबदार समुद्राचा तळ. साधारण २ कोटी ते ८० लाख वर्षांपूर्वीचा. थर आग्नेयेकडे किंचित कललेले आहेत, म्हणून उत्तरेला जुने थर पाण्याशी येतात आणि आमच्या बाजूला त्यामानाने नवे. नवे म्हणजे कोटीभर वर्षांचे.

कड्याखाली जायला बंदी आहे. पाटी लावलेली आहे, दोरी बांधलेली आहे. तरी दर खेपेला कोणी तरी मुलाला खांद्यावर घेऊन पलीकडे निघालेला असतो. गेल्या मार्चमध्ये माझ्या डोळ्यांदेखत त्याच जागी मोटारीएवढा ढेकूळ खाली आला. आवाज मोठा नव्हता. ओल्या पोत्याने अंग टाकावं तसा. तेव्हापासून मी दोरीच्या अलीकडच्या पट्टीवर खूश आहे. इथे किनाऱ्यावर पडलेलं उचलून घरी न्यायला मुभा आहे, कड्यात खणायला नाही. आणि खणायची गरजही नाही, ते काम लाटा करतात.

कड्याच्या माथ्यावर पुढे लोकांची घरं आहेत. दर वर्षी त्यांचं अंगण थोडं थोडं खाली जातं. त्यांना कडा बांधून काढायचा असतो. पण याच उघड्या मातीत प्युरिटन टायगर बीटल नावाचा एक किडा बिळं करतो, आणि १९९० पासून त्याला केंद्र सरकारचं संरक्षण आहे. कडा ढासळत राहिला तरच किडा जगतो. मी उघडपणे कुणाची बाजू घेत नाही, पण कडा बांधला तर दातही बंद होतील हे मला कळतं.

८:३०

आता काम.

पाण्याच्या कडेला खडीचा एक पट्टा असतो, हात-दोन हात रुंद. लाटेने सारख्या वजनाच्या वस्तू एका ओळीत आणून ठेवलेल्या: गोटे, शिंपल्यांचे तुकडे, हाडांचे तुकडे, दात. पाखडलेल्या सुपात खडे एका बाजूला जमतात तसंच. सूर्य अजून खाली आहे, त्याच्याकडे तोंड करून चालायचं. ओला दात चमकतो. गोटाही चमकतो, पण गोट्याची चमक गोल असते आणि दाताची धारेवर. पहिली पंधरा मिनिटं काही दिसत नाही. मग डोळा बसतो.

हा डोळा मला इथे येऊन मिळालेला नाही. आजी तांदूळ निवडायला बसायची तेव्हा मला शेजारी बसवायची. ताटात तांदूळ पसरायचे, बोटाने थोडे थोडे अलीकडे ओढायचे, आणि खडा दिसायच्या आधी बोट तिथे गेलेलं असायचं. ती म्हणायची, खडा शोधायचा नाही, तांदूळ बघत राहायचं. तांदूळ नसेल ते आपोआप टोचतं. इथे तेच करते, फक्त खडा ठेवायचा आणि बाकीचं टाकायचं.

८:४० ते ९:३०

एकोणीस. बहुतेक करंगळीच्या नखाएवढे, त्रिकोणी, काळे किंवा राखाडी. आजच्या बुल शार्क, ब्लॅकटिप वगैरेंच्या कुळातले. दोन सँड टायगरचे: सुईसारखे लांब, बुंध्याशी दोन्ही बाजूंना एकेक काटा. एक टायगर शार्कचा, मागच्या धारेत खाच असलेला. पाकटाच्या दाताचे तीन तुकडे. पाकटाचे दात टोचणारे नसतात, शिंपले भरडायची ती फरशी असते. सुटी झालेली पट्टी खालून बघितली तर बारीक फणीसारखी दिसते, आणि नवे लोक ती हमखास फेकून देतात. मीही पहिलं वर्षभर फेकत होते.

एवढे दात का, हा प्रश्न इथे येणारा प्रत्येक जण विचारतो. शार्कचा सांगाडा कूर्चेचा, आपल्या कानाच्या वरच्या कडेसारखा. तो कुजून जातो. दात मात्र जबड्यात ओळीमागे ओळ तयार असतात. पुढचा पडला की मागचा पुढे सरकतो. एका शार्कचे आयुष्यात हजारो दात पडतात. त्यावरचं पातं फ्लोरिनच्या क्षाराने कडक झालेलं असतं, ते सहज झिजत नाही. तळाच्या गाळात गाडलं गेलं की मुळाच्या बारीक छिद्रांत गाळातली खनिजं शिरतात आणि पांढरा दात काळा होतो. काळा रंग वयाचा नाही, गाळाचा. त्याच शार्कचा दात दुसरीकडे तपकिरी किंवा पिवळट मिळतो.

मला यातली एक गोष्ट फार आवडते. हाड सापडलं म्हणजे कोणी तरी मेलं होतं. दात सापडला म्हणजे तसं काहीच नाही. शार्कने काही तरी चावलं, दात पडला, ती पुढे गेली. लहानपणी आम्ही पडलेला दुधाचा दात कौलांवर फेकायचो आणि खेळायला पळायचो, तेवढंच.

९:४०

आता गुडघ्यांवर. वाऱ्यामुळे पाणी अजून मागेच आहे. चाळण अर्धी पाण्यात धरून खडी भरायची, रोवळीत तांदूळ धुवावेत तशी हलवायची, वाळू खाली गेली की वर उचलायची. हातमोजे दोन जोड घातले तरी बोटं दहा मिनिटांत लाकडाची होतात.

हातमोज्यांवरून एक सांगते. दोन वर्षांपूर्वी मला काऊ शार्कचा अख्खा दात मिळाला होता. हा दात फणीसारखा असतो, एकाच मुळावर सहा-सात टोकं ओळीने. इथे तो क्वचित मिळतो, अख्खा त्याहून क्वचित. हरवू नये म्हणून मी तो हातमोज्यात, तळव्याशी ठेवला. अर्ध्या तासाने हातमोज्यात पाणी गेलं. मी तो काढला, उलटा केला आणि जोरात झटकला. समुद्रात. आजोबा बाजूलाच होते. ते काहीही बोलले नाहीत, नुसती टोपी काढून परत घातली.

सहाव्या चाळणीत तो आला. आधी मला शिंपल्याचा तुकडा वाटला. मग बोटाने वाळू बाजूला केली आणि धार दिसली. पाऊण बोट रुंद, एका बाजूला वाकलेला, केळीच्या फण्यातल्या कडेच्या केळ्यासारखा. दोन्ही धारांना करवतीचे दाते, पण साधे नाहीत. मागच्या बाजूचे मोठे, रांगडे, नजरेने मोजता येतील असे, आणि टोकाजवळ येताना थांबलेले. टोक गुळगुळीत. मूळ राखाडी, मध्ये फुगीर. पात्यावर निळसर काळी झिलई, जशीच्या तशी. नखाने धारेवरून एकदा ओढून बघितलं. नख कापलं गेलं.

हेमिप्रिस्टिस सेरा. आजोबांच्या भाषेत ‘स्नॅगल’. वरच्या जबड्यातला.

मी काही न बोलता हात पुढे केला. त्यांनी चष्मा कपाळावर नेला, दात डोळ्यांशी धरला आणि म्हणाले, “हा मी याच जागेवरून काल संध्याकाळी सोडून गेलो.” दर वेळी हेच म्हणतात.

१०:०५

फोन. मालवणात रात्रीचे साडेआठ वाजून गेलेत, आईचं जेवण झालेलं असणार.

“खंय आसस?”

“समुद्रार.”

“एवढ्या थंडीत? काय गावला?”

“मोरीचे दात.”

“मोरी खावची सोडून दात कित्याक येचतस गो?”

यावर माझ्याकडे उत्तर नसतं. आमच्याकडे शार्क म्हणजे मोरी, आणि मोरी म्हणजे वाटणाचं तिखट कालवण. तिचे दात कोणी बघितलेसुद्धा नव्हते. कोळणीने डोकं आधीच उडवलेलं असायचं. मी आईला सांगितलं की आज सापडलेल्या या मोरीच्या वंशातली आता एकच जात जगात उरली आहे, आणि ती इकडच्या समुद्रात नाही, हिंदी महासागरात आणि त्याच्या पलीकडे आहे. आपल्या बाजूला. इकडची सगळी संपली.

आई थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मगे हडेच येवन बघ ना.”

१०:४०

ओंडक्यावर बसून चहा. आजोबांना पोळीची गुंडाळी आवडते, त्यांच्याकडची सुकी जर्दाळू मला.

एक कुटुंब आलंय, आई-बाप आणि दोन मुलं. बापाचा पहिला प्रश्न ठरलेला: मेगालोडॉन मिळाला का? म्हणजे त्या नामशेष झालेल्या महाकाय शार्कचा दात. २०१८ला त्याच्यावरचा सिनेमा येऊन गेल्यापासून दुसरं कोणी काही विचारत नाही. नाही मिळाला. नऊ वर्षांत मला त्याच्या मुळाचा एक अर्धा तुकडा मिळालाय, आणि मूळ व पातं यांच्या मध्ये जो गडद पट्टा असतो तो दिसतो म्हणून तो त्याचा आहे एवढं कळतं. अख्खा तळहाताएवढा दात हवा असेल तर विकत मिळतो, पण विकत घेताना मूळ नीट बघावं. दोन तुटक्या दातांचा एक करून, रंग लावून विकणारे बरेच आहेत.

धाकट्या मुलीला मी एक सँड टायगर दिला. तिने विचारलं, हा आकाशातून पडला का? आई हसली. मला हसू आलं नाही, कारण प्लिनी नावाच्या रोमन पंडितानेही हेच लिहून ठेवलंय, की चंद्रग्रहणाच्या वेळी हे दगड आभाळातून पडतात. युरोपात त्यांना शतकानुशतकं जिभेचे दगड म्हणत. माल्टा बेटावर तर ते सापाच्या विषावर उतारा म्हणून चालत. फाबियो कोलोन्ना याने १६१६मध्ये सांगितलं की हे दात आहेत. पण गोष्ट लोकांच्या लक्षात राहिली ती पुढची. १६६६ साली लिव्होर्नोजवळ कोळ्यांनी एक प्रचंड शार्क पकडली. तिचं डोकं फ्लॉरेन्सला निकोलस स्टेनो या डॅनिश शरीरशास्त्रज्ञाकडे चिरायला पाठवलं गेलं. त्याने जबडा उघडला आणि जिभेचे दगड ओळीने समोर. मग त्याला पुढचा प्रश्न पडला: दात जर दात असतील तर ते डोंगरात, दगडाच्या आत कसे शिरले? त्या एका प्रश्नातून त्याने थरांचा नियम काढला, की खालचा थर आधीचा आणि वरचा नंतरचा. भूगर्भशास्त्राची सुरुवात कोळणीच्या पाटीवरून झाली असं म्हणायला मला आवडतं, कोणी चिडलं तरी चालेल.

मुलीच्या बापाने विचारलं, तुमच्या देशात असे दात मिळतात का? कच्छमध्ये मिळतात, मी सांगितलं. माझ्या महाराष्ट्रात मात्र जमिनीचा बहुतेक भाग बसाल्ट आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. या शार्क पोहत होत्या तेव्हा आमचा सह्याद्रीचा दगड कधीच थंड झालेला होता. लाव्ह्यात शार्कचे दात शोधायला गेलं तर रिकाम्या हातानेच परत यायचं.

१२:१५

पाणी परत चढलं. चाळणीत आता वाळूच जास्त. आजोबांनी एका गोल, तपकिरी शंखाचा तुकडा उचलून खिशात टाकला, एक्फोरा. मेरीलँडने त्याला राज्याचं जीवाश्म केलंय. बाहेर आलेले चार कंगोरे असतात त्यावर. मला शंखांत रस नाही आणि त्यांना दातांपेक्षा आता शंखच आवडतात. म्हणूनच आमची मैत्री टिकली असावी.

परतीची वाट चढाची वाटते. नसते.

३:००

घर. गरम पाण्याखाली बोटं. अर्धा तास झोप.

४:३०

दात गोड्या पाण्यात. उपसागराचं पाणी अर्धं खारट आहे, मीठ आत राहिलं तर वाळताना मूळ तडकतं. दोन-तीनदा पाणी बदलायचं, मग जुन्या दात घासायच्या ब्रशने हळूच. ब्रश दातांसाठीच वापरतेय, असं नवऱ्याला सांगून झालंय. मग टिपकागदावर, सावलीत. उन्हात किंवा हीटरजवळ ठेवला तर सकाळी दोन तुकडे.

रात्री ९:००

जेवणं झाली, भांडी झाली. आता खरं बैठं काम. दुकानातून जुनी झालेली गोळ्या मोजायची ताटली मी मागून आणली होती. तिच्यावर दात ओतते तेव्हा आवाज कॅल्शियमच्या गोळ्यांसारखाच येतो. पट्टीने पाच-पाच. अठ्ठावीस पाचे आणि तीन. १४३.

मग डब्या आणि चिठ्ठ्या. जागा, तारीख, आणि वादळानंतर की आधी. चिठ्ठी नसलेला दात म्हणजे देखणा खडा. सॉलोमन्सच्या कॅल्व्हर्ट मरीन म्युझियममध्ये मी पहिल्यांदा काही तरी दाखवायला घेऊन गेले होते तेव्हा त्यांनी वस्तू हातात घ्यायच्या आधी विचारलं होतं, कुठे मिळालं? मला नक्की सांगता आलं नव्हतं. ती वस्तू आजही बिनचिठ्ठीच्या डबीत पडून आहे.

नावं पेन्सिलीने लिहायची. शास्त्रज्ञ ती सारखी बदलतात. मेगालोडॉनला आधी आजच्या ग्रेट व्हाइटच्या वंशात घातलं होतं, मग कार्कारोक्लीस केलं, आता ओटोडस. ज्याला आम्ही सगळे मेको म्हणत आलो तो मेको नाहीच, ग्रेट व्हाइटच्या जवळचा निघाला. माझ्या एका चिठ्ठीवर खोडरबराने भोक पडलंय.

हेमिप्रिस्टिस हे नाव मात्र एकोणिसाव्या शतकात लुई अगासीझने ठेवलं ते अजून तसंच आहे. त्याची चिठ्ठी पेनाने लिहिली. खाली, जागेच्या ओळीनंतर, आईचा फोन असंही लिहिलं. म्युझियमला त्याचा उपयोग नाही.

१०:१०

दात भिजवलेलं भांडं धुवायला घेतलं तर बेसिनच्या जाळीत काही तरी काळं अडकलेलं. कांद्याचं साल असेल म्हणून नखाने काढलं. करंगळीच्या नखाएवढा, त्रिकोणी, एक कोपरा तुटलेला.

१४४.